एका अंशाची किंमत: फेज नॉइज आणि ओएफडीएम

नवा वाय-फाय राउटर घ्यायला गेलात तर खोक्यावर ‘४०९६-क्यूएएम’ असा आकडा ठळक छापलेला दिसेल. वाय-फाय ६ मध्ये तो १०२४ होता, त्याआधीच्या पिढीत २५६. आकडा चौपट झाला म्हणून वेग काही चौपट होत नाही. १०२४ म्हणजे एका खेपेला १० बिट, ४०९६ म्हणजे १२ बिट. फायदा सगळा मिळून २० टक्के. पण एवढ्याशा फायद्यासाठी राउटरच्या आतल्या एका सर्किटाला किती स्थिर राहावं लागतं, हे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. त्या सर्किटाचं नाव ऑसिलेटर. त्याच्या थरथरीला म्हणतात फेज नॉइज. माझं रोजचं काम याच थरथरीच्या आसपासचं असल्यामुळे तिच्याबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना ‘फेज’साठी ‘कला’ हा शब्द आठवत असेल. शब्द सुंदर आहे, पण ‘कलेतला गोंगाट’ म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी येतं. म्हणून इथे फेजच म्हणू या.

ठिपक्यांची रांगोळी

रेडिओलहरीच्या दोन गोष्टी आपल्याला हव्या तशा बदलता येतात: तिची उंची, म्हणजे आयाम, आणि तिची फेज, म्हणजे ती आपल्या आवर्तनात नेमकी कुठे आहे तो कोन. एक लांबी आणि एक कोन दिला की कागदावर एक ठिपका ठरतो. क्यूएएम म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. ४०९६-क्यूएएममध्ये ६४ ओळी आणि ६४ स्तंभ अशी ठिपक्यांची जाळी असते. पाठवणारा त्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवतो आणि घेणाऱ्याने तो कोणता ते ओळखायचं. ४०९६ पैकी एक ओळखला की १२ बिट कळले.

आता रांगोळी ज्या पाटावर काढली आहे तो पाट किंचित फिरला तर? मधले ठिपके फारसे हलणार नाहीत. कोपऱ्यातला ठिपका मात्र केंद्रापासून सगळ्यात लांब, म्हणून तोच सगळ्यात जास्त सरकेल आणि शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसेल. किती फिरल्यावर असं होईल याचा हिशोब साध्या त्रिकोणमितीने करता येतो, मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. चारच ठिपके असतील तर पाट ४५ अंश फिरला तरी चालतं. १६ ठिपक्यांना १६.९ अंश, ६४ ला ७.७, २५६ ला ३.७, १०२४ ला १.८ आणि ४०९६ ला फक्त ०.९ अंश. बाकी सगळं निर्दोष असताना हे आकडे आहेत. प्रत्यक्षात दुसराही गोंगाट असतोच, त्यामुळे इतकीही मोकळीक मिळत नाही. ४०९६-क्यूएएमसाठी वाय-फायचं मानक सांगतं की पाठवणाऱ्या यंत्राची सरासरी चूक −३८ डेसिबलच्या खाली हवी. ती सगळी चूक फेजचीच आहे असं धरलं तर हे झाले ०.७२ अंश.

कोन मोजायचा तर कशाच्या तरी सापेक्ष मोजावा लागतो. घेणारं यंत्र तो आपल्याच ऑसिलेटरच्या सापेक्ष मोजतं, आणि पाठवणाऱ्यानेही तो स्वतःच्या ऑसिलेटरवरूनच आखलेला असतो. म्हणजे पाट फिरवणारे हात दोन. ६ गिगाहर्ट्झवर ०.७२ अंश म्हणजे वेळेच्या हिशोबात एक तृतीयांश पिकोसेकंद. पिकोसेकंद हा सेकंदाचा एक लाख कोटींवा भाग, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात प्रकाश जेमतेम ०.१ मिलिमीटर पुढे सरकतो, साधारण एका कागदाच्या जाडीइतका. घड्याळाने यापेक्षा जास्त डगमगायचं नाही.

थरथर येते कुठून

ऑसिलेटर म्हणजे विजेचा झोका. बाजूला उभं राहून कोणीतरी वेळेवर ढकलत राहतं, म्हणून तो थांबत नाही. सर्किटामध्ये ढकलायचं काम ट्रान्झिस्टर करतो. पण सर्किटातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत वळवळत असतात, त्यामुळे झोक्याला अधूनमधून चुकीच्या क्षणी बारीकसा धक्का बसतो.

आता गंमत अशी, की धक्क्यामुळे झोका जास्त उंच गेला तर सर्किट त्याला परत जागेवर आणतं, कारण ट्रान्झिस्टर एका मर्यादेपलीकडे ढकलू शकत नाही. पण झोका वेळेत पुढे गेला तर? त्याला मागे ओढणारं आत काहीच नाही. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलं तर त्याला स्वतःहून कुठे कळतं? ते तसंच, दोन मिनिटं पुढे, निष्ठेने चालत राहतं. म्हणून उंचीतल्या चुका पुसल्या जातात आणि फेजमधल्या चुका साठत जातात. प्रत्येक नवी चूक आधीच्या चुकांवर चढते, आणि फेज झिंगलेल्या माणसासारखी भटकते. कुठल्या दिशेला ते सांगता येत नाही, पण जितका वेळ जाईल तितकी ती घरापासून लांब असण्याची शक्यता जास्त. नेमकं सांगायचं तर अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. हे वर्गमूळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डेव्हिड लीसन यांनी १९६६ मध्ये एका छोट्याशा लेखात या थरथरीचं सूत्र मांडलं. थरथर कमी करायचे दोन मुख्य मार्ग त्यातून दिसतात: झोका चांगला असू द्या, म्हणजे एकदा ढकलला की बराच वेळ आपणहून झुलणारा, किंवा जास्त शक्ती खर्च करा. क्वार्ट्झचा स्फटिक हा उत्तम झोका आहे, पण तो काही दशक मेगाहर्ट्झलाच खुशीत असतो. चिपवर गिगाहर्ट्झसाठी जी तांब्या-ॲल्युमिनियमची चिमुकली वेटोळी काढतात, तो त्यामानाने अगदीच खडखडाट करणारा झोका.

मग युक्ती अशी करतात की चिपवरच्या चंचल ऑसिलेटरला क्वार्ट्झच्या खुंटीला बांधतात. या सर्किटाला फेज-लॉक्ड लूप म्हणतात. खुंटीला दाव्याने बांधलेलं वासरू डोळ्यांसमोर आणा. ते गावभर भटकू शकत नाही, पण दाव्याच्या लांबीत हवं तसं हुंदडतं. सावकाश होणारं भटकणं क्वार्ट्झ आवरतो; दाव्याला ताण बसायच्या आत होणारी झटपट थरथर तशीच उरते.

आणि क्वार्ट्झची स्वतःची थरथरही फुकट मिळत नाही. ४० मेगाहर्ट्झच्या स्फटिकावरून २८ गिगाहर्ट्झ तयार करायचे तर ७०० ने गुणावं लागतं. वेळेतली थरथर तेवढीच राहते, पण आवर्तन ७०० पट छोटं झाल्यामुळे त्याच थरथरीचा कोन ७०० पट होतो. शक्तीच्या भाषेत ७०० चा वर्ग, म्हणजे जवळजवळ ४ लाख ९० हजार पट, किंवा ५७ डेसिबल. उंच वारंवारतेकडे जाताना हा कर भरावाच लागतो, त्यातून कोणाची सुटका नाही.

हजारो उपवाहक कशाला?

ज्यांचं बालपण दूरदर्शनच्या काळात गेलं, त्यांना गच्चीवर चढून अँटेना फिरवणं आठवत असेल. ‘आलं का?’ ‘नाही, अजून मुंग्याच दिसतायत!’ त्या मुंग्या म्हणजे साधा गोंगाट. पण कधीकधी मुंग्या नसायच्या आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या बाजूला त्यांचीच एक फिकट सावली दिसायची. ती सावली समोरच्या इमारतीवरून आपटून उशिरा पोचलेल्या लहरीची.

डिजिटल संदेशात हीच सावली घातक ठरते, कारण एका ठिपक्याची सावली पुढच्या ठिपक्यावर पडते. ठिपके जितके भरभर पाठवाल तितका हा घोळ जास्त. उपाय असा सुचला की एकाच वाहकावरून भरभर बोलण्याऐवजी शेकडो उपवाहकांवरून एकाच वेळी सावकाश बोलायचं. प्रत्येक ठिपका इतका वेळ रेंगाळतो की सावली त्याच्या सुरुवातीच्या भागातच संपून जाते. तेवढा भाग फेकून द्यायचा, त्याला रक्षक काळ म्हणू. हेच ओएफडीएम. रॉबर्ट चँग यांचा यावरचा मूळ शोधनिबंधही १९६६ चाच, लीसन यांच्याच वर्षातला. एकाने बारीक कापायची सुरी दिली, दुसऱ्याने हात का थरथरतो ते सांगितलं. दोघांची गाठ पडायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली.

उपवाहक एकमेकांना खेटून बसवलेले असतात. खरं तर ते एकमेकांवर पसरलेलेच असतात. तरीही ते वेगळे कसे करता येतात? जमाखर्चाच्या साध्या नियमाने. १९९९ च्या ८०२.११ए या वाय-फाय मानकात ठिपक्याचा उपयोगी काळ ३.२ मायक्रोसेकंद आहे आणि उपवाहकांमधलं अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ. त्या ३.२ मायक्रोसेकंदांत शेजारच्या उपवाहकाचं बरोबर एक आवर्तन जास्त होतं, पलीकडच्याची बरोबर दोन. घेणारं यंत्र आपल्या उपवाहकाच्या तालावर आलेल्या लहरीला गुणतं आणि सगळी बेरीज घेतं. शेजाऱ्याच्या वाट्याला येणारा अधिक भाग आणि उणे भाग अगदी समान असतात, म्हणून बेरीज शून्य. पै-पैचा हिशोब जुळतो. आपल्याच उपवाहकाचं तेवढं शिल्लक राहतं.

हिशोब बिघडतो तेव्हा

हिशोब जुळण्यासाठी अट एकच: ३.२ मायक्रोसेकंदांत ताल धरणारा हात स्थिर हवा. तो हलला की दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणं. बीबीसीच्या संशोधन विभागातले जोनाथन स्टॉट यांनी १९९८ मध्ये डिजिटल टीव्हीच्या संदर्भात यावर लिहिलेला लेख अजूनही मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा वाचायला देतो.

पहिली गोष्ट सावकाश होणाऱ्या थरथरीची. एका ठिपक्याच्या काळात फेज जवळपास स्थिर राहिली, फक्त मागच्या ठिपक्याच्या वेळेपेक्षा दोन अंश पुढे असली, तर सगळेच्या सगळे उपवाहक सारखेच दोन अंश फिरतात. पाट फिरला, रांगोळी शाबूत. हे दुरुस्त करणं सोपं आहे. काही उपवाहकांवर आधीच ठरलेले ठिपके पाठवायचे, ते किती फिरले ते पाहायचं आणि बाकी सगळ्यांना तेवढंच उलटं फिरवायचं. ८०२.११ए मध्ये ५२ वापरातल्या उपवाहकांपैकी ४ याच राखणीला बसवलेले आहेत. त्यांना पायलट म्हणतात.

दुसरी गोष्ट झटपट थरथरीची. ठिपक्याचा काळ संपायच्या आतच फेज पुढे-मागे झाली, तर शेजाऱ्याचा अधिक भाग आणि उणे भाग आता समान राहत नाहीत. जमाखर्चात काही पैसे शिल्लक राहतात. एका शेजाऱ्याचे पैसे किरकोळ, पण डावीउजवीकडे शेकडो शेजारी आहेत आणि प्रत्येकाने त्या क्षणी कोणता ठिपका पाठवला हे आपल्याला अजून माहीत नाही. सगळ्यांची मिळून बेरीज गोंगाटासारखीच दिसते. पायलट इथे कामाचे नाहीत, कारण प्रत्येक उपवाहकावर पडणारी ही चूक वेगळी असते. त्यांच्यावरही शेजाऱ्यांचे पैसे सांडलेले असतातच.

प्रयोगशाळेत हे पडद्यावर दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणारा हमखास चकतो. एकाच वाहकाच्या संदेशात फेज नॉइज असेल तर बाहेरचे ठिपके केळ्यासारखे वाकतात, म्हणून रोगाचं निदान लगेच होतं. ओएफडीएममध्ये पायलटची दुरुस्ती झाल्यावर वाकडेपणा नाहीसा होतो आणि प्रत्येक ठिपक्याभोवती गोल धुकं उरतं. साध्या गोंगाटाचं धुकंही अगदी तसंच दिसतं. मग ओळखायचं कसं? संदेशाची शक्ती वाढवून पाहायची. साधा गोंगाट बाहेरून मिसळलेला असतो, म्हणून शक्ती वाढवली की रांगोळीच्या तुलनेत धुकं विरळ होतं. फेज नॉइजचं धुकं शेजाऱ्यांच्याच शक्तीतून आलेलं असतं. संदेश दसपट केला की तेही दसपट होतं, आणि चित्र जसंच्या तसं राहतं.

याचा व्यवहारातला अर्थ लक्षात घ्या. टॉवर जवळ आणला, अँटेना मोठी केली, शक्ती वाढवली, तरी एका पातळीपुढे चुका कमी होत नाहीत. गच्चीवर चढून कितीही अँटेना फिरवली तरी या मुंग्या जात नाहीत.

किती बारीक कापायचं?

थरथर ‘सावकाश’ की ‘झटपट’ हे कोण ठरवतं? ठिपक्याचा काळ. आणि तो ठरतो उपवाहकांमधल्या अंतरावरून: अंतर निम्मं केलं की काळ दुप्पट. म्हणजे जितके बारीक उपवाहक कापाल, तितका वेळ हात स्थिर धरावा लागेल. बेल्जियममधल्या पोलेट, व्हॅन ब्लाडेल आणि मूनक्लाय यांनी १९९५ मध्ये याचं गणित मांडलं आणि दाखवलं की अशा थरथरीला बहुवाहक पद्धत एकवाहक पद्धतीपेक्षा कितीतरी पटींनी हळवी आहे. पायलटने होणारी दुरुस्ती हिशोबात धरली की फरक बराच कमी होतो, पण मूळ ओढाताण तीच राहते. सावल्यांना हरवायचं तर ठिपका लांब हवा, म्हणजे बारीक कापा. थरथरीला हरवायचं तर ठिपका छोटा हवा, म्हणजे जाड कापा.

मी राहतो त्या ब्रिटनमध्ये या ओढाताणीचा इतिहास घराघरातल्या टीव्हीत आहे. १९९८ मध्ये इथे जमिनीवरून डिजिटल प्रसारण सुरू झालं ते ‘२के’ पद्धतीने: १७०५ उपवाहक, अंतर ४४६४ हर्ट्झ, ठिपक्याचा काळ २२४ मायक्रोसेकंद. ‘८के’ पद्धत कागदावर तयार होती, पण तिच्यासाठीच्या चिप वेळेत तयार नव्हत्या. पुढे ॲनालॉग प्रसारण बंद होत गेलं तसं ८के आलं, आणि २००९ च्या अखेरीस सुरू झालेल्या एचडी वाहिन्यांसाठी डीव्हीबी-टी२ मधली ‘३२के’ पद्धत. ३२के मध्ये अंतर उरलं जेमतेम २७९ हर्ट्झ आणि ठिपका झाला ३.६ मिलिसेकंदांचा. एवढा अट्टाहास कशासाठी? रक्षक काळाचं बघा. ८के मध्ये ठिपक्याचा १/३२ भाग सावल्यांसाठी सोडून २८ मायक्रोसेकंद मिळत होते. ३२के मध्ये तेच २८ मायक्रोसेकंद फक्त १/१२८ भाग सोडून मिळतात. आठ किलोमीटरहून जास्त लांबचा वळसा घालून आलेली सावली दोन्हीकडे सारखीच सहन होते, पण वाया जाणारा वेळ चौथ्या हिश्श्यावर आला.

हे जमलं, कारण टीव्हीच्या लहरी साधारण ६०० मेगाहर्ट्झच्या. ज्या गुणाकाराच्या कराबद्दल वर बोललो, तो तिथे फार थोडा लागतो. (अमेरिकेतल्या वाचकांसाठी: तुमच्याकडची पहिली डिजिटल टीव्ही पद्धत एकाच वाहकाची होती. नवी एटीएससी ३.० मात्र ओएफडीएमवर आली आहे, आणि तिच्यातही ३२के आहे.)

वाय-फायची कहाणी जरा वेगळी. वाय-फाय ६ मध्ये उपवाहकांचं अंतर ३१२.५ वरून ७८.१२५ किलोहर्ट्झवर आणलं, म्हणजे चारपट बारीक, आणि त्याच वेळी रांगोळी १०२४ ठिपक्यांची केली. हात चारपट वेळ स्थिर धरा आणि शिवाय आधीपेक्षा निम्माच हलवा, अशी दुहेरी मागणी ऑसिलेटर बनवणाऱ्यांवर आली. वाय-फाय ७ ने अंतर तेच ठेवलं, पण ठिपके ४०९६ केले. तेव्हा खोक्यावरच्या त्या आकड्याबद्दल माझं स्पष्ट मत: तो खोटा नाही, पण तो राउटरच्या अगदी जवळ, मध्ये भिंत नसताना लाभणारा आकडा आहे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तुमचा फोन गुपचूप २५६ वर किंवा त्याहून खाली उतरलेला असतो. फक्त त्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

२८ गिगाहर्ट्झवर

मोबाईलच्या ४जी मध्ये उपवाहकांचं अंतर १५ किलोहर्ट्झ आहे. ५जी मिलिमीटर लहरींकडे, म्हणजे २८ गिगाहर्ट्झच्या आसपास गेलं, तेव्हा तेच अंतर ठेवून भागण्यासारखं नव्हतं. २.४ गिगाहर्ट्झवर जे साधलं तेच २८ वर साधायचं तर थरथरीची शक्ती सुमारे १३६ पट कमी करावी लागेल. लीसन यांच्या सूत्राप्रमाणे त्याच दर्जाच्या झोक्याला त्यासाठी १३६ पट वीज लागेल. फोनमध्ये? बॅटरी आणि तळहात दोन्ही पोळतील.

मग मार्ग उरला जाड कापण्याचा. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दाव्याला न बांधलेला, मोकळा ऑसिलेटर आहे आणि त्याच्या वर्णपटाची रुंदी १०० हर्ट्झ आहे. १५ किलोहर्ट्झ अंतर असेल तर ठिपक्याचा काळ ६६.७ मायक्रोसेकंद, तेवढ्यात फेज सरासरी ११.७ अंश भटकते. १२० किलोहर्ट्झ अंतर ठेवलं तर काळ ८.३ मायक्रोसेकंद आणि भटकंती ४.१ अंश. काळ आठपट कमी झाला, भटकंती आठच्या वर्गमुळाने, म्हणजे २.८ पटीने कमी झाली. (ते वर्गमूळ हेच.) खरा ऑसिलेटर दाव्याला बांधलेला असतो, त्यामुळे आकडे याहून बरे येतात, पण कल तोच. मिलिमीटर लहरींवरच्या ५जी मध्ये १२० किलोहर्ट्झ हे नेहमीचं अंतर झालं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. किंमत रक्षक काळात मोजावी लागली. ४जी मध्ये तो ४.७ मायक्रोसेकंद आहे, १.४ किलोमीटरची सावली झेलणारा. १२० किलोहर्ट्झवर तो ०.५९ मायक्रोसेकंद होतो, म्हणजे सुमारे १७५ मीटर. मिलिमीटर लहरी तशाही फार लांब जात नाहीत, म्हणून हा सौदा परवडला.

उरलेल्या सावकाश थरथरीसाठी ५जी ने खास पायलट आणले. त्यांची मांडणी मला फार आवडते. उपवाहकांचे १२-१२ चे गट असतात. हे पायलट दर दोन किंवा चार गटांमागे फक्त एका उपवाहकावर ठेवतात, म्हणजे २४ किंवा ४८ मध्ये एक. वारंवारतेच्या दिशेने इतके विरळ. पण काळाच्या दिशेने दाट, गरज पडली तर प्रत्येक ठिपक्याला. असं का? कारण पाट फिरतो तो सगळ्या उपवाहकांसाठी सारखाच, तेव्हा एक-दोघांना विचारलं तरी पुरे. पण तो दर ठिपक्याला नव्याने फिरतो, तेव्हा विचारत राहायला हवं. इमारतींच्या सावल्या मोजणारे दुसरे पायलट नेमके उलटे मांडतात: ते उपवाहकांत दाट आणि काळात विरळ, कारण सावलीचा परिणाम उपवाहकागणिक बदलतो पण इमारती काही जागच्या हलत नाहीत. दोन आजारांचे दोन स्वभाव, आणि औषधाच्या गोळ्या त्याप्रमाणे आडव्या-उभ्या पेरलेल्या.

याच्याही वर, ५२.६ ते ७१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ५जी च्या सतराव्या आवृत्तीने ४८० आणि ९६० किलोहर्ट्झ अशी अंतरं मान्य केली. ९६० वर रक्षक काळ उरतो ७३ नॅनोसेकंद, म्हणजे २२ मीटर. एका मोठ्या सभागृहात भिंतीवर आपटून आलेली लहरही यात कशीबशी बसते. आणखी जाड कापायला फारशी जागा नाही.

म्हणून काहींनी कापणंच सोडून दिलं. ६० गिगाहर्ट्झच्या वाय-फायचं २०१२ चं मानक, ८०२.११एडी, यात ओएफडीएम होतं, पण ऐच्छिक. सक्तीची पद्धत एकाच वाहकाची. ऐच्छिक भाग पुढे मानकाने कालबाह्य ठरवला. कारणं आणखीही होती: बहुवाहक संदेशाच्या लाटा कधीकधी एकदम उंच उसळतात आणि त्या झेलायला ॲम्प्लिफायरची फार मोठी ताकद राखून ठेवावी लागते. पण थरथर हे त्यातलं एक. एकाच वाहकावर ठिपका इतका छोटा असतो की एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत फेजला भटकायला वेळच मिळत नाही, आणि घेणारं यंत्र तिच्या मागोमाग चालत राहतं. सावल्यांचा बंदोबस्त मग घेणाऱ्या यंत्रात वेगळा करावा लागतो.

सध्या आमच्यासारख्यांचा वेळ जातो तो तिसऱ्या वाटेवर: झटपट थरथरीने शेजाऱ्यांचे जे पैसे सांडले, ते गणिताने परत उचलता येतात का? तत्त्वतः येतात. थरथरीचा आकार सगळ्या उपवाहकांसाठी एकच असतो, त्यामुळे त्याचे पहिले दोन-चार घटक जरी ओळखता आले तरी बरंचसं धुकं उतरतं. पण ओळखायचे तर आधी ठिपके माहीत हवेत, आणि ठिपके कळायचे तर धुकं उतरायला हवं. म्हणून आधी अंदाजाने ठिपके वाचायचे, त्यांवरून थरथर शोधायची, ती काढून पुन्हा ठिपके वाचायचे, अशा दोन-तीन फेऱ्या घ्याव्या लागतात. संगणकावर हे छान चालतं. फोनच्या चिपमध्ये प्रत्येक फेरीला वीज लागते, आणि चांगल्या ऑसिलेटरसाठी जी वीज वाचवली ती इथे परत खर्च होते. कोणता खर्च कमी, याचं उत्तर दर वारंवारतेला आणि चिपच्या दर पिढीला वेगळं येतं.